देवीचे जोडे

चित्र इतकं रुंद आहे, की दोन माणसांनी हात पसरले तरी कडा हाताला लागत नाहीत. निम्म्याहून जास्त नुसतं आकाश. खाली डोंगर, वळत गेलेली नदी, पडक्या खांबांचं एक देऊळ, झाडंच झाडं, आणि अगदी डाव्या कोपऱ्यात धोंड्यावर बसलेली वीतभर उंचीची एक बाई. तिचे पाय उघडे. पायांशी एक डाळिंब, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं.

युरोपातल्या ज्या बरोक काळात, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी, हे चित्र झालं, त्या काळात नुसती झाडंझुडपं काढणाऱ्याला फारसा मान नव्हता. देवादिकांच्या कथा रंगवणारा तो मोठा चित्रकार. झाडं काढणारा आपला कारागीर. मग ही मंडळी काय करायची, जीव ओतून झाडं काढायची आणि शेवटी कोपऱ्यात एखादी देवी बसवून द्यायची. डोक्यावर चंद्रकोर दिली की शिकारीची देवी, शेजारी मोर उभा केला की देवांची राणी, हातात गव्हाच्या ओंब्या दिल्या की शेतीची माता. खूण बदलली की देवी बदलली. बाई तीच. कित्येकदा तर ती बाईही दुसऱ्याच चित्रकाराकडून काढून घेतलेली असायची, कारण झाडंवाल्याला माणसाचे गुडघे जमत नसत.

आमच्या संग्रहालयाच्या संचालकांनी या डाळिंबावर तीनशे बारा पानांचं पुस्तक लिहिलं आहे. डाळिंब आहे त्याअर्थी ही प्रॉसर्पिना, शेतीच्या देवीची मुलगी. पाताळाच्या राजाने तिला पळवून नेलं, तिथे तिने डाळिंबाचे चार दाणे खाल्ले आणि त्या दाण्यांपायी वर्षातले काही महिने तिला पाताळात राहावं लागतं. म्हणून आकाशातला ढग म्हणजे मरण, नदी म्हणजे परतीची वाट, पडकं देऊळ म्हणजे आईचं दुःख. चौथं प्रकरण तर संपूर्ण तिच्या अनवाणी पायांवर आहे. त्या पुस्तकाला दोन पुरस्कार मिळाले, साहेब देशोदेशी भाषणं देऊन आले, आणि आम्ही नोकरमंडळी त्यांना पाठीमागे डाळिंबसाहेब म्हणायला लागलो.

मी तिथे चित्रं पुसते. दारावरच्या पाटीवर चांगलं भारदस्त 'चित्रसंवर्धन कार्यशाळा' असं लिहिलेलं आहे आणि त्या कार्यशाळेची मी अकरा वर्षं प्रभारी प्रमुख होते. प्रभारी म्हणजे काम सगळं तुमचं आणि खुर्ची कोणाचीच नाही. पण पाटीवर काहीही असो, आमचा धंदा मुळात कापूस, काडी आणि थुंकी यांचा. हो, थुंकीच. जुना मळ सोडवायला माणसाच्या लाळेसारखं औषध नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि चित्रावर फिरवायचा. पाहुणे आले की आम्ही बाटल्या पुढे मांडून ठेवतो.

हे सगळं मला मामांनी शिकवलं. आईचे सख्खे भाऊ. याच कार्यशाळेत त्यांनी चाळीस वर्षं काढली. माझ्या वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी मला पहिली काडी दिली तेव्हा म्हणाले, "दाबायचं नाही, चिमणे. फिरवायचं नुसतं. मळ आपणहून येतो." आणि दुसरं एक सांगितलं होतं, की आपण चित्रावर लावलेला रंग असा असावा, की पुढच्याला तो सहज पुसता यावा. आपली चूक आपल्या मागे उरता कामा नये. तेव्हा मला वाटलं, केवढे थोर विचार आहेत. त्यामागे एक डाळिंब आहे हे कळायला एकतीस वर्षं जावी लागली.

मामा आता चौऱ्याऐंशीचे. दादाकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर राहतात. दिवसभर गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून रस्ता बघतात. या वर्षी संग्रहालयाने त्या चित्रासाठी खास प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि गावभर जाहिराती लागल्या. त्यातली एक नेमकी मामांच्या गॅलरीसमोरच्या बसथांब्यावर. नखाएवढं डाळिंब त्यांनी एवढं वाढवलं होतं, की त्याच्या सावलीत सहा माणसं उभी राहात.

पहिल्या दिवशी मामा वहिनीला म्हणाले, "ते डाळिंब मी काढलंय." वहिनी म्हणाली, "हो का? छान आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पोस्टमनला सांगितलं. आठवडाभरात जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगून झालं. मग ते रडायला लागले. "मी तिचे जोडे पुसले," म्हणायचे, "तिला अनवाणी केली मी." एका दुपारी घरातल्या सपाता घालूनच ते खाली उतरले आणि बसथांब्यावरची जाहिरात नखांनी खरवडायला लागले. एका रिक्षावाल्याने त्यांना ओळखून वर आणून सोडलं.

दादा वाईट नाही, हे आधीच सांगते. तो आणि वहिनी दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात आणि सातला येतात. त्या दिवसापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागेना. त्याने एक वृद्धाश्रम पाहून ठेवला, बाग असलेला, आणि मला फोन केला. "गुरुवारी डॉक्टरांकडे न्यायचंय. त्यांनी लिहून दिलं की तिथे घेतील. तू ये. तू रोज ते चित्र बघतेस, तू सांगितलंस की डॉक्टर मानतील."

"काय सांगू?"

"खरं ते सांग. अजून काय!"

तेव्हा ते चित्र माझ्याच टेबलावर आडवं पडलेलं होतं. प्रदर्शनाआधी साफ करायचं म्हणून. जुनं पिवळं पडलेलं वार्निश मी महिनाभर उतरवत होते आणि शेवटी ठेवलेला कोपरा त्याच सकाळी उतरवून झाला होता. दादाचा फोन ठेवला, खोलीत अंधार केला आणि जांभळा दिवा लावला. त्या दिव्याखाली मूळ रंग मंद उजळतो आणि नंतर कोणी काही लावलं असेल तर ते काळं दिसतं. बाई मंद उजळली. धोंडा उजळला. डाळिंब डांबराच्या ठिपक्यासारखं काळंकुट्ट.

मी काडीला कापूस गुंडाळला, जिभेवर ओला केला आणि डाळिंबाच्या कडेला एकदाच फिरवला. कापूस लाल झाला. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तेलाचा रंग थुंकीने निघत नाही. पाण्यातला रंग निघतो. वार्निश उतरवायचं औषध चाटून गेलं तरी तो हलला नव्हता, पण थुंकी लागताच सुटला. पुढच्याला सहज पुसता यावा असा.

मला आनंद व्हायला हवा होता. मामांचं डोकं ठिकाणावर आहे, याचा पुरावा माझ्या दोन बोटांत होता. पण मला आधी आठवलं ते डाळिंबसाहेबांचं पुस्तक, मग त्यांचं तोंड, आणि मग कार्यशाळा प्रमुखाच्या जागेची फाइल, जी त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेली होती. मी तो कापूस एप्रनच्या खिशात टाकला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पाचच मिनिटांत साहेब स्वतः आत आले.

"झालं का आमच्या देवीचं स्नान?" त्यांनी कागद पुढे केला. चित्राच्या तपासणीचा अहवाल. सगळे रंग मूळचे आहेत, नंतरचं काम आढळलं नाही, असं आधीच टाइप केलेलं. "एवढी सही. आणि हो, तुमची ती प्रभारीची भानगड या महिन्यात संपवून टाकतो. फार झालं ना आता?"

मी सही केली. पेन चालत नव्हतं, तर त्यांनी आपलं दिलं.

त्या संध्याकाळी मी मामांकडे गेले. गॅलरीत त्यांच्या पायाशी बसले आणि विचारलं, "जोडे कसे काय पुसले गेले?"

इतक्या दिवसांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ते खुर्चीत सरळ झाले. "अगं, तपकिरी होते, पायांशी काढून ठेवलेले. अगदी पातळ रंगाचे, कापडावर आधी दिलेलं अस्तर खालून दिसेल असे. वर दोन बोटं काजळी. मला वाटलं हाही मळच. मी आपला पुसतोय, पुसतोय, आणि मळ काही संपेना. मग कापूस उलटून पाहिला तर त्यावर जोडा. एक अख्खा गेला आणि दुसऱ्याची टाच तेवढी राहिली."

आमच्या धंद्यातल्या माणसालाच समजेल असं ते भय आहे. मळ समजून आपण चित्रच पुसत असतो, आणि ते कळतं तेव्हा चित्र कापसावर असतं.

"मग पुन्हा जोडेच का नाही काढलेत?"

"खोटे जोडे काढायची लाज वाटली. खालचं अस्तर लालसर, उघडं पडलं ते गोल. मी त्यालाच दोन हात दिले, उरलेली टाच त्याखाली झाकली, देठ काढला आणि डाळिंब केलं. म्हटलं, कालपर्यंत नव्हतं ते डाळिंब आज कुठून आलं असं कोणीतरी विचारेलच. विचारलं की सांगून टाकू." त्यांनी समोरच्या बसथांब्याकडे बोट केलं. "चव्वेचाळीस वर्षं झाली. कोणी विचारलं नाही. वर पुस्तक लिहिलं."

"तिने जोडे काढून का ठेवले होते पण?"

"पाय दुखले असतील. एवढे डोंगर चालून आलेली बाई. देवी कसली गं ती, बसली होती आपली जरा." मग त्यांनी माझा हात धरला. "ते डाळिंब राहिलं तर राहू दे. मला त्याचं काही नाही. फक्त दादाला एकदा सांग, की बापाला वेड लागलेलं नाही. तुझं ऐकेल तो."

मी "हो" म्हणाले. नाही म्हणायला काय जात होतं माझं? पण म्हणाले हो.

गुरुवारी डॉक्टरांनी मामांना वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मामा न चुकता पार दोनपर्यंत उतरत आले आणि डॉक्टरांनीच थांबवलं. मग दादाने पिशवीतून डाळिंबसाहेबांचं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. बिचारा घाबऱ्या घाबऱ्या बोलत होता. "हे बघा डॉक्टर, एवढ्या मोठ्या माणसाने लिहिलंय. पुरस्कार आहेत याला. आणि बाबा म्हणतात ते फळ त्यांनी काढलं. देवीचे जोडे पुसले म्हणतात. परवा रस्त्यावर गेले तसेच."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही तिथेच काम करता ना? यात काही तथ्य?"

माझ्या पर्समध्ये तो लाल कापूस होता. खिशातून पर्समध्ये, पर्समधून परत खिशात, असा चार दिवस तो माझ्याबरोबर हिंडत होता. मी म्हणाले, "चित्र साडेतीनशे वर्षांचं आहे."

शब्द न् शब्द खरा होता. एवढं खरं बोलून इतका खोटेपणा मी आयुष्यात कधी केला नव्हता.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नव्या शिकाऊ माणसाने कापूस जास्त दाबला की ते बघायचे, तसं. मग डॉक्टरांना म्हणाले, "मग माझीच काहीतरी गल्लत होत असेल." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

खाली जिन्यात दादा रिक्षा बघायला पुढे गेला, तेव्हा मामा कठड्याला धरून थांबले. "सही केलीस वाटतं?"

"केली."

"वार्निश लावलंस नवीन?"

"सगळीकडे लावलं. डाळिंबावर राहिलंय."

"राहिलंय का ठेवलंयस?"

ते मला खरंच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मामा अगदी शांत झाले. जोड्यांचं नाव नाही, डाळिंबाचं नाव नाही. गॅलरीतली खुर्ची त्यांनी भिंतीकडे तोंड करून घेतली. वहिनी मला फोनवर म्हणाली, "डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचा फारच गुण आला हो." दुसऱ्याच आठवड्यात वृद्धाश्रमात खोली मिळाली. रविवारी न्यायचं ठरलं.

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी जुन्या नोकरांना घरच्यांसह चित्र बघायला बोलावलं होतं. जुने असे उरले होतेच किती? त्यातले मामा एकटेच आले, दादाचा हात धरून, इस्त्रीचा सदरा घालून. मागे वहिनी. तिच्या पर्समध्ये वृद्धाश्रमाचा फॉर्म होता. सही करून तो तिथूनच परस्पर आश्रमात द्यायचा होता. दालन रिकामं, भिंतीला ताज्या रंगाचा वास, आणि मधोमध ते चित्र, खालची कड कमरेइतक्या उंचीवर. मी माझी पेटी घेऊन आधीच हजर होते, कारण तेवढं नखाएवढं वार्निश राहिलं होतं आणि साहेबांना ते नेमकं दिसलं होतं.

"बाई, आमच्या डाळिंबालाच तेवढं चमकवायचं विसरलात!" म्हणाले. "उरका."

मग ते मामांकडे वळले. माणूस तसा दिलदार, ऐकणारा मिळाला की त्याला राहवत नाही. त्यांनी दादाला आणि वहिनीला ढगातलं मरण दाखवलं, नदीतली परतीची वाट दाखवली. "आणि हे पाय बघा. अनवाणी का? कारण पाताळात जाणाऱ्याला या जगातलं काहीही बरोबर नेता येत नाही. चित्रकाराने एक साधा जोडासुद्धा तिला दिलेला नाही. केवढा विचार!" मामांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुम्ही तर इथे चाळीस वर्षं होतात. तुम्हालाही असंच वाटलं असेल ना?"

"हो साहेब," मामा म्हणाले. "तसंच असेल."

"बघ," दादा माझ्या कानाशी पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, सुटकेचं. "आता कसे शहाण्यासारखे बोलतायत."

मला विलक्षण संताप आला. दादाचा नाही, साहेबांचाही नाही. माझाच. ज्या माणसाने मला खरं काय आणि नंतर लावलेलं काय हे ओळखायला शिकवलं, तो माझ्या एका वाक्यामुळे खोट्याला होकार भरत होता, आणि त्याला आम्ही शहाणपण म्हणत होतो.

वार्निशचा ब्रश मी पेटीत परत ठेवला. काडी घेतली, कापूस गुंडाळला, तोंडात घातला आणि डाळिंबावर फिरवला.

"बाई!" साहेब ओरडले. "हे काय... थुंकी?"

"हो साहेब. सगळी चित्रं अशीच पुसतो आम्ही."

देठ गेला. दाण्यांची लाली गेली. कापूस टाकला, दुसरा घेतला. हात जरा जास्तच जोरात पडत होता, आणि मागून चार पावलांवरून आवाज आला.

"दाबू नको, चिमणे. फिरव नुसतं."

मामांना एवढं बारीक चार पावलांवरून दिसणं शक्यच नव्हतं. ते चित्राकडे बघतही नव्हते. मान खाली घालून, माझ्या कापसाचा आवाज ऐकावा तसे उभे होते.

"आता उघडं अस्तर लागेल. लालसर. तिथे थांबू नको, तिथे काही नाही. डावीकडे सरक. हळू. धोंड्याला लागून टाच येईल एक. तपकिरी. ती माझ्या हातून वाचली."

मी डावीकडे सरकले. शेवटची लाली कापसावर आली आणि धोंड्याला टेकलेली, भाताच्या दाण्याएवढी, झिजलेली एक तपकिरी टाच दिसायला लागली. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी मन लावून काढलेली. एका बाजूला जास्त झिजलेली, चालणाऱ्या बाईची असते तशी.

साहेब पांढरे पडले होते. दादा चित्राजवळ आला, वाकला, टाचेकडे पाहिलं, मग कोपऱ्यातली पहारेकऱ्याची खुर्ची उचलून आणली आणि मामांच्या मागे ठेवली. "बसा बाबा," एवढंच म्हणाला, आणि खुर्चीची पाठ धरून तसाच उभा राहिला. वहिनीने पर्समधून फॉर्म काढला, घडी घातली, अजून एक घडी घातली, आणि शोधूनही टोपली सापडेना म्हणून माझ्या पेटीत, लाल कापसांवर टाकला.

"या अहवालावर तुमची सही आहे," साहेब मला म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"हो. तीही नंतर लावलेलीच आहे, साहेब. पुसून टाकू."

प्रमुखाची जागा गेली हे मला तेव्हाच कळलं. अजूनही मी प्रभारीच आहे. पण साहेब म्हणजे हाडाचा विद्वान! दोन मिनिटं भिंतीला टेकून उभे राहिले, आणि मग त्यांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड परतायला लागला. खिशातून वही निघाली. "म्हणजे जोडे होते," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि तिने ते काढून ठेवले होते. आपणहून. म्हणजे ही पळवून नेलेली मुलगी नाहीच. ही तिची आई! मुलीला शोधत पृथ्वी पालथी घालणारी... झिजलेले जोडे... अहो, हे तर त्याहून मोठं आहे!" ते मामांच्या खुर्चीशी चक्क गुडघ्यावर बसले. "तुम्ही ते जोडे पाहिलेत. जगात तुम्ही एकटेच. नीट आठवून सांगा, कसे होते? बक्कल होतं? फीत होती? प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो."

दादाने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. चव्वेचाळीस वर्षांनी का होईना, संग्रहालय त्यांना विचारत होतं.

"मळके होते साहेब," मामा म्हणाले. "म्हणून तर पुसले."